बंड्याचा पाय आधी गरम झाला, मग गार पडला. दोन्ही वेळा आमचा अंदाज का चुकला?

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला, त्या रात्री बंड्याला कुठल्या तरी गाडीने उडवलं.

शिवडी स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की बंदराकडे जाणारे ट्रेलर दिसायला लागतात. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला आलेल्यांना ही बाजू माहीत असेल. बंड्या इथलाच कुत्रा. मालक कोणी नाही, पण चहाच्या टपरीवरच्या मावशी त्याला रोज दूध-पाव घालतात आणि मी ऑफिसला जाताना दोन बिस्किटं टाकते. एवढंच आमचं नातं.

सकाळी बघितलं तर रक्त नाही, हाड वाकलेलं नाही. पण पुढचा डावा पाय ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. चालताना पंजा उलटा पडायचा आणि वरची बाजू रस्त्याला घासायची. मावशींनी पंजा हातात धरून बघितला. "गरम आहे गं. उजव्यापेक्षा जास्तच गरम आहे. रक्त चालू आहे म्हणजे होईल बरा."

तीन आठवड्यांनी तोच पंजा गार लागायला लागला. मावशी म्हणाल्या, "गेला पाय."

दोन्ही वेळा मावशींच्या हाताला जे लागलं ते बरोबर होतं. त्यावरून आम्ही काढलेला अर्थ मात्र दोन्ही वेळा चुकीचा निघाला. असं का झालं हे शोधायला गेले आणि एका सशाच्या कानापासून ते आमच्या शेजारच्या वडाळ्यातल्या कुष्ठरुग्णालयापर्यंत पोहोचले.

पायाला लागलंय, मग डॉक्टर डोळा का बघतात?

कुत्रा घ्यायला टॅक्सीवाले तयार होईनात आणि या भागात रिक्षा चालत नाहीत. शेवटी एका ओळखीच्या टेम्पोतून बंड्याला परळकडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. जनावरांचे दवाखाने आणि परळ हे समीकरण जुनं आहे. १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय परळलाच सुरू झालं. तिथलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय लालबाग-परळची जुनी माणसं अजूनही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ओळखतात.

डॉक्टर मॅडमनी पाय नंतर बघितला, आधी टॉर्च मारून दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या.

"मॅडम, पायाला लागलंय, डोळ्याला नाही," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच डोळा बघतेय मावशी."

मग त्यांनी पाठीच्या दोन्ही बाजूंना चिमट्याने हलकंसं टोचून बघितलं. माशी बसली की गाय जशी नुसती कातडी थरथरवते, तशी बंड्याची कातडी दोन्हीकडे थरथरली. शेवटी त्यांनी पंजाचं एकेक बोट चिमट्यात दाबलं. आतल्या बोटाला काहीच नाही. बाहेरचं बोट दाबल्यावर मात्र बंड्याने मान वळवली आणि केकाटला. मॅडम हसल्या. कुत्रा ओरडल्यावर हसणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितली.

हे सगळं कळायला आधी 'नस' या शब्दाचा घोळ सोडवायला लागेल. आपण मराठीत 'नस कापली' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी म्हणायची असते, आणि 'नस दबली' म्हणतो तेव्हा मज्जातंतू. एकच शब्द, दोन वेगळ्या गोष्टी. मावशींचं 'रक्त चालू आहे' हे पहिल्या नशीबद्दल होतं. बंड्याचा बिघाड होता दुसऱ्या नशीत.

मेंदू आणि मज्जारज्जूतून बाहेर पडून हातापायांकडे जाणाऱ्या या तंतूंच्या जाळ्याला शाळेच्या पुस्तकात परिघीय चेतासंस्था म्हणतात. पायाकडे जाणारा एक मोठा मज्जातंतू म्हणजे एक केबल समजा. आत हजारो बारीक तारा, आणि त्यांची कामं वेगवेगळी. काही तारा स्नायूंना 'हल' म्हणून सांगतात. काही तारा दुखणं, स्पर्श, थंड-गरम ही खबर वर नेतात. तिसऱ्या प्रकारच्या तारा फारशा कोणाला माहीत नसतात. त्या कातडीतल्या रक्तवाहिन्यांना 'आवळून धर' असा हुकूम देत राहतात आणि घामाच्या ग्रंथी चालवतात. हे अनुकंपी तंतू. आपल्याला न विचारता काम करणारं खातं.

बंड्याला धक्का बसला तेव्हा पाय शरीरापासून बाहेर ओढला गेला आणि खांद्याजवळ, काखेत, जिथे या केबल्सचं जुडगं असतं, तिथे ताण बसला. गाडीखाली आलेल्या कुत्र्यांमध्ये ही दुखापत नेहमी दिसते. प्रश्न एवढाच असतो की केबल नुसती ताणली गेली आहे, की मज्जारज्जूच्या बोर्डातूनच उपटली गेली आहे. उपटली गेली असेल तर पाय परत येण्याची आशा फार कमी.

आणि ते डोळ्यात दिसतं! बाहुली मोठी करणारी अनुकंपी तार डोळ्याकडे थेट डोक्यातून जात नाही. ती छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूतून बाहेर पडते आणि मानेतून वर चढते. पुढच्या पायाच्या केबल्सची मुळं तिच्या शेजारीच असतात. ती मुळं उपटली गेली तर बऱ्याचदा ही तारही जाते आणि त्या बाजूची बाहुली लहान राहते. कातडी थरथरवणारा तंतूही याच भागातून निघतो. बंड्याच्या दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या, कातडी दोन्हीकडे थरथरत होती आणि एका बोटाला तरी दुखत होतं. म्हणजे निदान सगळं उपटलेलं नव्हतं.

मग पंजा गरम का झाला होता?

याचं उत्तर १८५१ साली पॅरिसमध्ये मिळालं. क्लॉद बर्नार हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. त्यांची कल्पना अशी होती की कातडीला ऊब देण्यात मज्जातंतूंचा हात असतो, म्हणजे तंतू कापला की ती जागा गार पडायला हवी. त्यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी तंतू एका बाजूने कापला आणि कान चाचपले. झालं उलटंच. त्या बाजूचा कान लाल झाला आणि दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला. त्याच बाजूची बाहुलीही लहान झाली. आमच्या मॅडम टॉर्च मारून बंड्यात जे शोधत होत्या ते हेच.

कारण आता सोपं वाटतं. रक्तवाहिन्यांना 'आवळून धर' सांगणारा मुकादम गेला. वाहिन्या सैल पडल्या, जास्त रक्त आलं, कातडी तापली. म्हणजे दुखापतीनंतर सुरुवातीला गरम झालेला पंजा बरं होण्याची खूण नाही. उलट तंतूचं काम थांबल्याचीच ती खूण असू शकते. मावशींचा पहिला अंदाज इथे चुकला.

(जाता जाता: बर्नार यांची पत्नी आणि मुली प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कट्टर विरोधात गेल्या आणि हे लग्न अखेर मोडलं. आज आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांसाठी समितीची परवानगी लागते. बर्नार यांच्या काळात भूल देण्याचीही सक्ती नव्हती. त्या सशामुळे माझ्या कुत्र्याचा डोळा वाचता आला हे खरं, आणि ते वाचताना अस्वस्थ वाटलं हेही खरं.)

आणि नंतर गार का पडतो?

मुकादम गेला तर वाहिन्या कायम सैल राहायला हव्यात ना? तसं होत नाही. काही दिवसांत किंवा आठवड्यांत चित्र पालटतं, आणि याला एकच एक कारण नाही.

पहिलं म्हणजे, न हलणारा स्नायू रक्त कमी मागतो आणि उष्णताही कमी तयार करतो. बंड्याच्या खांद्यावरचं मांस तीन आठवड्यांत इतकं उतरलं की हाड हाताला लागायचं. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. ज्या अवयवाचे तंतू जातात, तो अवयव रक्तातून फिरणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांना वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद द्यायला लागतो. रोज कानाशी ओरडणारा माणूस गेला की कुजबुजही मोठी वाटते, तसं काहीसं. 'लढा किंवा पळा' ही शरीराची प्रतिक्रिया जगाला समजावून सांगणारे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या अतिसंवेदनशीलतेचा मोठा अभ्यास केला. तंतू नसलेल्या वाहिन्या रक्तातल्या थोड्याशा अ‍ॅड्रेनलिननेही घट्ट आवळल्या जातात. रक्त कमी, पंजा गार.

म्हणून 'गार पडला म्हणजे गेला' हाही अंदाज घाईचा. तंतू आतून वाढत असतानाही कातडी गार राहू शकते.

एक इशारा मात्र इथेच देते, कारण यात जीव जाऊ शकतो. मांजर अचानक मागचे दोन्ही पाय ओढायला लागलं, वेदनेने किंचाळत असेल आणि मागचे पंजे थंडगार लागत असतील, तर ही तंतूची हळूहळू उलगडणारी गोष्ट नाही. हृदयविकार असलेल्या मांजरांमध्ये रक्ताची गुठळी मुख्य धमनीच्या टोकाला जाऊन अडकते आणि मागच्या पायांचं रक्तच बंद होतं. तिथे गार म्हणजे शब्दशः रक्त नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच क्षणी डॉक्टर गाठायचा. 'उद्या बघू' नाही.

हालचाल परत कधी येते?

१९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना, हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जननी मज्जातंतूच्या दुखापतीचे तीन प्रकार मांडले. नावं अवघड आहेत, गोष्ट सोपी आहे. पहिल्यात, म्हणजे न्यूरोप्रॅक्सियात, तार शाबूत असते, फक्त सिग्नल अडलेला असतो. हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटतं. दुसऱ्यात, अ‍ॅक्सोनॉटमेसिसमध्ये, आतली तार तुटते पण बाहेरची नळी टिकते. तुटलेल्या जागेपुढचा तारेचा भाग मरून जातो आणि मग मागच्या टोकातून नवी तार त्याच नळीतून वाढत जाते. तिसऱ्यात, न्यूरोटमेसिसमध्ये, नळीही तुटते. तिथे शस्त्रक्रियेशिवाय फार काही होत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरही खात्री नसते. एकाच जुडग्यात तिन्ही प्रकार शेजारी शेजारी असू शकतात. बंड्याचं बहुधा तसंच होतं.

नवी तार वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आपली नखं दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतात, त्या हिशोबाने हा वेग चांगला म्हणायचा. पण अंतर बघा. मॅडमनी शिंप्याची टेप काढली. काखेपासून कोपर ताठ ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत ९ सेंटिमीटर. म्हणजे साधारण तीन महिने. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत ३५ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास वर्ष.

म्हणून सुधारणा नेहमी वरून खाली येते. आधी खांदा, मग कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. पंजा चाचपून 'काहीच फरक नाही' म्हणणं म्हणजे दादरहून सुटलेली गाडी पाच मिनिटांत कल्याणला आली नाही म्हणून ती रद्द झाली असं समजणं.

शर्यत दुसरीही असते. तार पोहोचायला उशीर झाला तर स्नायू तोवर सुकतो. माणसांमध्ये साधारण वर्ष-दीड वर्ष तार न मिळालेला स्नायू नंतर तार आली तरी नीट कामाला लागत नाही. लांब पायाच्या प्राण्याला आणि लांब हाताच्या माणसाला ही शर्यत अवघड जाते. उंदराला सोपी.

आणि इथेच इंटरनेटवरची अर्धी चूक दडलेली आहे.

उंदीर इतक्या लवकर बरे होतात, मग आपण का नाही?

या विषयावरचं बहुतेक संशोधन प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मागच्या पायात जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूवर होतं. कारण तो जाड आहे आणि सापडायला सोपा. उंदराच्या मांडीपासून पंजापर्यंत अंतर काही सेंटिमीटरच. त्यात उंदराचे तंतू माणसापेक्षा जलद वाढतात. तंतू नुसता चेपला गेलेला असेल तर महिना-दीड महिन्यात उंदीर बऱ्यापैकी चालायला लागतो. मग रील येते: 'अमुक तेलाने मज्जातंतू ३० दिवसांत पुन्हा उगवले!' उंदराचे तंतू तेल न लावताही ३० दिवसांत बरेच उगवतात हो. तेल न लावलेल्या उंदरांचं काय झालं, हे त्या रीलमध्ये नसतं.

हालचाल मोजायची पद्धत मात्र मला फार आवडली. उंदराच्या मागच्या पंज्यांना शाई लावतात आणि त्याला कागद अंथरलेल्या अरुंद बोळातून चालवतात. गौरी आणताना आपण दारापासून पावलं उमटवत येतो ना, तशी पावलांची रांग कागदावर उमटते. तंतू गेलेल्या पायाचा ठसा लांबट येतो, कारण उंदीर टाच टेकवून चालतो, आणि बोटं फाकत नाहीत. या मापांवरून १९८२ मध्ये लुईस दे मेदिनासेली आणि सहकाऱ्यांनी एक निर्देशांक तयार केला. पुढे त्यात सुधारणा झाल्या. आता शून्याच्या आसपास म्हणजे चाल नेहमीसारखी, आणि उणे १०० म्हणजे पाय पूर्ण निकामी. डोळ्यांना 'चालतोय की' वाटणारा उंदीर कागदावर उणे ६० निघू शकतो. प्राणी हुशार असतात. कमरेतून पाय फेकायला शिकतात, वजन दुसऱ्या बाजूला टाकतात. बंड्यानेही दुसऱ्या आठवड्यातच पाय झोकायचं तंत्र काढलं होतं आणि आम्ही 'सुधारला' म्हणून व्हिडिओ टाकून बसलो होतो. स्टेटसला किती बदाम आले ते सांगत नाही.

तापमानाचा कॅमेरा लावला तर? लावतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने दोन्ही पंज्यांमधला फरक टिपतात. पण तो आकडा एकटा फसवतो. १९८८ मध्ये गॅरी बेनेट आणि यी-कुआन शिये यांनी उंदरांच्या सायटिक तंतूभोवती सैलसर धागे बांधून वेदनेचा अभ्यास केला. हा प्रयोग आज जगभर वापरला जातो. त्यात सुमारे एक तृतीयांश उंदरांचा दुखावलेला पंजा नेहमीपेक्षा वेगळ्या तापमानाचा निघाला. काहींचा गरम, काहींचा गार. दुखापत तीच, प्रयोगशाळा तीच.

आणखी एक फसवणूक शेजारी करतात. उंदराचा सायटिक तंतू कापला तरी पंजाच्या आतल्या कडेला दुसऱ्या एका तंतूची हद्द असते. त्या शेजारच्या तंतूला हळूहळू फुटवे येतात आणि तो ओसाड पडलेल्या कातडीत शिरतो. मग तिथे टोचलं की उंदीर पाय ओढतो. वाटतं कापलेला तंतू जुळला. प्रत्यक्षात जमिनीवर शेजाऱ्याने कुंपण सरकवलेलं असतं. स्नायू तसेच लुळे.

थोडक्यात, कातडीचं तापमान चालवणाऱ्या तारा वेगळ्या, पाय हलवणाऱ्या वेगळ्या. त्या एकाच केबलमधून जात असल्या तरी एकाच गाडीने परत येत नाहीत. म्हणून चांगल्या संशोधनात तापमान, चाल, स्नायूंचं वजन, विजेचा सिग्नल असं सगळं शेजारी ठेवून बघतात.

वडाळ्याला काय सापडलं?

शिवडीच्या पुढचं स्टेशन वडाळा. तिथलं अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० साली सुरू झालं. तेव्हाचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. (हेच अ‍ॅकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करणारे. पोवाड्यांचे अभ्यासक आणि कुष्ठरोगाचे अभ्यासक एकाच माणसाचं नाव घेतात, बहुतेक एकमेकांना न कळता.) शिवडीत क्षयरोगाचं रुग्णालय, वडाळ्यात कुष्ठरोगाचं. दोन्ही आजारांचे जंतू एकाच घराण्यातले.

पण कुष्ठरोगाचा इथे संबंध काय? कुष्ठरोग दिसतो कातडीवर, पण त्याचं मोठं नुकसान मज्जातंतूंमध्ये होतं. चट्ट्यावर थंड-गरम कळत नाही, घाम येत नाही. तिन्ही प्रकारच्या तारा जातात.

आणि या जंतूला गारवा आवडतो. कानाची पाळी, नाक, कोपराजवळ कातडीलगत जाणारा तंतू, अशा शरीराच्या तुलनेने थंड जागा त्याला मानवतात. नॉर्वेच्या हॅनसन यांनी १८७३ मध्ये जंतू शोधला, पण तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढेना. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला. तळपाय बाकी शरीरापेक्षा गार असतो, म्हणून. १९७१ मध्ये कर्चहायमर आणि स्टॉर्स यांनी आर्माडिलो हा अमेरिकेतला खवल्यांचा प्राणी वापरला. त्याच्या शरीराचं तापमानच ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आर्माडिलोमध्ये जंतू भरभरून वाढला आणि त्याचे तंतूही माणसासारखेच खराब झाले.

बंड्यासाठी कामाची गोष्ट मात्र पॉल ब्रँड यांच्याकडे मिळाली. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले हे सर्जन वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करायचे. बोटं आजाराने 'झडतात' हा समज त्यांनी खोडला. वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागी चटके, खिळे, घासणं सहन करत राहतो आणि बोटं त्या जखमांनी जातात. पुढे ब्रँड रुग्णांची पावलं हाताने चाचपून गरम ठिपके शोधायला लागले. नंतर त्यांनी तापमान टिपणारे कॅमेरेही वापरले. बधिर पावलावर एकच जागा गरम लागली, तर तिथे आतून सूज सुरू झाली आहे आणि चालणं थांबवलं नाही तर जखम होणार. मधुमेहींच्या बधिर पावलांसाठी आज हीच पद्धत वापरतात. दोन्ही पावलांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला की सावध व्हायचं. घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर हा आकडा लक्षात ठेवा.

हे वाचून झालं आणि ऑगस्टमध्ये तेच घडलं. गार पडलेला बंड्याचा पंजा एका सकाळी गरम लागला. मावशींनी मला हाक मारली, "आला गं जीव पायात!" मी धावत गेले आणि पंजा उलटा करून बघितला. बोटांच्या मधल्या कातडीत काच घुसली होती आणि पू झाला होता. बंड्या त्याच पायावर आदल्या दिवशी अख्खा रस्ता फिरला होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मग करायचं काय?

गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. हे सगळ्यात आधी, कारण गार पाय दिसला की आपला हात पिशवीकडेच जातो. ज्या कातडीला चटका कळत नाही ती जनावर मागे घेणार नाही, आणि वाहिन्यांवर ताबा नसल्याने ती जागा उष्णता वाहूनही नेऊ शकत नाही. शेक देताना भाजलेला पंजा मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतो. हळद-चुन्याचा लेप, घट्ट पट्टी, हेही नको.

पंजाची वरची बाजू घासू नये म्हणून मऊ बूट किंवा मोजा घालायचा, पण रोज काढून बघायचा. मुंबईच्या पावसात ओला मोजा तासाभरात कातडी कुजवायला लागतो. बोटं, मनगट, कोपर दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने वाकवायची, नाहीतर तार पोहोचेपर्यंत सांधे आखडून बसतात. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पंजे रोज एकाच वेळी, एकाच जागी चाचपायचे. उन्हातून आल्यावर लगेच नाही. कोविडच्या काळातली तापमानाची गन केसांवर धरून काही कळत नाही, आपला हातच बरा. पंजाच्या गाद्याही बघायच्या. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तिथेच, आणि तंतू गेलेली गादी कोरडी पडते.

कुत्रा स्वतःची बोटं चावायला लागला तर थांबू नका. बधिर भागात मुंग्या येतात तेव्हा काही प्राणी पंजा कुरतडून टाकतात. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून डॉक्टरांकडे जायचं. पाय काढायचा निर्णय कधी कधी घ्यावाच लागतो, विशेषतः जखमा थांबत नसतील तर, आणि तीन पायांवर कुत्री चांगली जगतात. फक्त तो निर्णय 'गार लागतोय' एवढ्यावरून आणि पहिल्या महिन्यात होऊ नये. चिमट्याची तपासणी पुन्हा पुन्हा करून, कोपर-मनगट कुठवर आलंय ते बघून तो घेतात.

बंड्याचं कोपर सप्टेंबरच्या शेवटी, गणपती गेल्यावर, पहिल्यांदा ताठ राहिलं. टेपचा हिशोब थोडा चुकला, पण फार नाही. आता नोव्हेंबर आहे. तो पायावर वजन टाकतो, बोटं अजून दुमडतात. मावशींनी मुलाच्या जुन्या जीन्सचा तुकडा कापून त्याला बूट शिवलाय. पंजा अजूनही उजव्यापेक्षा गार आहे.

मॅडमनी बोटांसाठी पुढचा जून सांगितलाय. मावशींना टपरीवरच्या कालनिर्णयवर खूण करायची होती, पण तो डिसेंबरलाच संपतो.